घाई कुठे नको, विलंब कुठे नको

जन्मापासून किशोरवयापर्यंत मुलांच्या वाढीकडे कसे पाहावे?

मुलांच्या वाढीसंबंधी पालकांच्या हातून दोन परस्परविरुद्ध चुका होतात, आणि पुष्कळदा त्या एकाच घरात, एकाच मुलाच्या बाबतीत होतात. दोन वर्षांचे मूल एकही शब्द बोलत नाही, तेव्हा 'बोलेल हळूहळू, त्याचे बाबाही उशिराच बोलले होते' असे म्हणून सारे घर निश्चिंत राहते. तेच मूल तीन वर्षांचे झाले आणि दुरेघी वहीत 'अ' काढेना, की आईवडिलांची झोप उडते. यातल्या दुसऱ्या गोष्टीची काळजी करण्याचे काहीच कारण नाही. पहिल्या गोष्टीत मात्र एक महिनाही वाया जाणे परवडणारे नसते.

मुलाची वाढ ही काही शर्यत नव्हे, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. पण त्यातून 'सगळे आपोआप होईल' असा अर्थ काढला, तर तोही घातक ठरतो. कोणत्या गोष्टीसाठी थांबायचे आणि कोणत्या गोष्टीसाठी मुळीच थांबायचे नाही, हा विवेक पालकत्वाचा गाभा आहे. त्यासाठी वाढीची रीत थोडी समजून घ्यायला हवी.

क्रम ठरलेला, वेळ सैल

बाळाचा विकास डोक्याकडून पायांकडे होत जातो. आधी मान धरली जाते, मग पाठ सावरते, मग कंबर, आणि शेवटी पाय. हातांचेही तसेच. आधी खांदा, मग कोपर, मग पंजा आणि सर्वांत शेवटी बोटे. ताटातला कुरमुऱ्याचा दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पकडणे बाळाला साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमू लागते. हा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो. वेळ मात्र बरीच मागेपुढे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ मध्ये यासंबंधीची प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकते, आणि आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारच्या घरातले बाळ नवव्या महिन्यात चालले आणि आपले सोळाव्या महिन्यात, तरी दोन्ही बाळे निरोगी असू शकतात. त्याच निरीक्षणात शंभरातील सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या पायरीवर गेली. 'रांगला नाही' या एकाच कारणाने घाबरण्याची गरज नसते, ती यामुळेच.

चालण्याची घाई झालेली घरे चाके लावलेला गोल वॉकर आणतात. त्यात बसलेले मूल चवड्यांनी जमीन ढकलते. तोल सांभाळणे त्यात येत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा आणि गरम भांड्यापर्यंत हात पोहोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने तर २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा ही वेगळी वस्तू होती. उभे राहू लागलेले मूल स्वतःच्या पायांवर भार देऊन तो मागून ढकलत असे.

वेळ सैल असली तरी तिला शेवटची मर्यादा असते. चौथ्या महिन्यानंतरही मान न सावरणारे, नवव्या महिन्यानंतरही न बसणारे किंवा अठराव्या महिन्यानंतरही न चालणारे मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आणखी एक खूण घरात कौतुकाच्या सुरात सांगितली जाते. 'सहाव्या महिन्यापासूनच सगळे डाव्या हाताने घेतो, डावखुरा होणार!' पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. इतक्या लवकर ते एकाच हाताला प्राधान्य देत असेल, तर दुसरा हात अशक्त तर नाही ना, हे तपासून घ्यावे लागते.

बोलण्याची वाट पाहत बसू नये

भाषेची सुरुवात कानांपासून होते. गर्भातच बाळाला आईचा आवाज ऐकू येऊ लागतो. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हुंकार, सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ, वर्षाच्या सुमारास अर्थ कळून उच्चारलेला पहिला शब्द आणि बोटाने दाखवणे, आणि दुसरा वाढदिवस येईतो 'दूध दे', 'बाबा गेले' अशी दोन शब्दांची जोडणी, असा हा प्रवास आहे.

जन्मतः ऐकू न येणारे बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, आवाज काढते. नंतर स्वतःचा आवाज कानी पडत नसल्याने ते हळूहळू गप्प होते. घरच्यांना वाटते, 'आधी आवाज करायचा, म्हणजे कान चांगले असणार.' कोणी ताटावर चमचा वाजवून पाहते, बाळ वळते, आणि सर्वांचे समाधान होते. परंतु मूल हात हलताना पाहूनही वळते, जमिनीच्या कंपनानेही वळते. आणि ज्याला ताटाचा मोठा आवाज कळतो, त्याला बोलण्यातील 'स', 'फ', 'त' ऐकू येत नसतील, असेही असू शकते.

मग उपाय सुरू होतात. बाळगुटीतला वेखंड वाढवला जातो, 'जीभ जड आहे' असे निदान घरीच होते, 'मुलगे उशिरानेच बोलतात' असे कोणी सांगते. सर्दीतापासाठी दवाखान्यात आलेल्या अडीच वर्षांच्या मुलाविषयी सहज विचारले, तेव्हा हीच उत्तरे मी कितीदा तरी ऐकली आहेत. या उपायांत प्रेम आहे, याविषयी शंका नाही. पण त्यांत निघून गेलेले वर्ष परत मिळत नाही. मेंदूतील भाषेचे मार्ग घडण्याचा सर्वांत सुपीक काळ पहिल्या तीन-साडेतीन वर्षांचा असतो. दोन वर्षांच्या वयात मेंदू आकाराने प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. या काळात कानांवाटे शब्द पोहोचले नाहीत, तर पुढे श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवूनही बोलणे शिकवणे फार कष्टाचे होते. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक जगभर मानले जाते. जन्मतः कायमचा लक्षणीय श्रवणदोष हजारात एक-दोन बाळांना तरी असतो. ओएई ही प्राथमिक चाचणी बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते, आणि त्यात दुखत काहीच नाही. तिच्यात शंका आली तर बेरा ही सविस्तर चाचणी करतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाला वाहिलेली आहे.

न बोलण्याचे कारण दरवेळी कानातच असते असे नाही. नावाने हाक मारल्यावर न पाहणे, नजरेला नजर न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून तिच्याकडे नेणे, या गोष्टी एकत्र दिसल्या तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करावी लागते. आणि बोलू लागलेले मूल बोलणे विसरू लागले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.

घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळते आणि बोलत नाही, हा समज मात्र निराधार आहे. इंग्रजी शाळेच्या तयारीसाठी आजीने मराठी बोलणे बंद करावे, असा सल्ला काही घरांना मिळतो. त्यामुळे मूल ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शब्द ऐकते, त्या व्यक्तीलाच मुके केले जाते. भाषा येते ती माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. काऊचिऊचे घास भरवताना आई थांबते, बाळ काही आवाज काढते, आई त्याला उत्तर देते, हा त्या देवाणघेवाणीचा पहिला धडा होय. मोबाइलचा पडदा बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा अधिक दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे, ते या कारणासाठी.

मनगटातील हाडे आणि हातातील पेन्सिल

आता त्या दुरेघी वहीकडे येऊ. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्यांपैकी साधारण तीनच दिसतात. उरलेली अजून कूर्चेच्या रूपात असतात. ती पुढील काही वर्षांत एकेक करून हाडाचे रूप घेतात. बोटांचे बारीक स्नायू आणि नजरेशी त्यांचा मेळही याच काळात घडत असतो.

चित्र पाहून आकार काढण्याचाही क्रम ठरलेला आहे. मुलाला साधारण तिसऱ्या वर्षी वर्तुळ जमते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचच्या सुमारास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. तिरपी रेघ ही सर्वांत अवघड. आपल्या अक्षरांकडे या दृष्टीने पाहावे. 'अ' किंवा 'क्ष' काढायला गोलाई, आडवी, उभी आणि तिरपी अशा सर्वच रेघा लागतात. ज्याचा हात अजून वर्तुळापर्यंतच पोहोचला आहे, त्याच्याकडून पानभर 'क्ष' मागणे म्हणजे नुकत्याच उभ्या राहिलेल्या बाळाकडून लंगडी मागणे. त्याचा हात दुखतो, अक्षर बिघडते, बोलणी बसतात, आणि 'लिहिणे म्हणजे शिक्षा' एवढाच धडा पक्का होतो.

ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती अशा वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी हे काम वाढले. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला. आज २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षे हा खेळातून पाया घालण्याचा काळ मानते, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी वयाची सहा वर्षे पूर्ण असावीत असे सुचवते. कोसबाडला जे कळले होते, त्याच दिशेने हे पाऊल आहे.

या वयात मुलाने काय करावे? मटार सोलावेत, कणकेचा गोळा मळावा, सागरगोटे झेलावेत, भातुकली मांडावी. मटार सोलताना पेन्सिल धरण्याची चिमट बळकट होते. भातुकलीत 'तू आई, मी डॉक्टर' ठरवताना भाषा, कल्पना आणि दुसऱ्याची पाळी येईतो थांबण्याचा संयम एकदम शिकला जातो. रोज रात्री मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचून दाखवली, तर अक्षरओळखीच्या कितीतरी आधी पुस्तकाची गोडी लागते.

'ढ' म्हणण्यापूर्वी

सहा ते दहा या वयात पुन्हा जागरूक राहण्याची पाळी येते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आळशी, हट्टी किंवा ढ ठरवण्यापूर्वी चार गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट डोळे. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, तर मेंदू चांगल्या डोळ्यावरच काम भागवतो आणि दुसरा डोळा 'आळशी' होतो. मुलाला एका डोळ्याने नीट दिसत असल्याने ते तक्रार करत नाही. सात वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टीचे उपचार झाले तर ही दृष्टी बहुधा सुधारते. पुढे ते कठीण होत जाते. म्हणून शाळेत घालण्यापूर्वीच दोन्ही डोळे स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत.

दुसरी गोष्ट कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या मधल्या कानात द्रव साठून ऐकणे कमी होते, आणि 'लक्षच देत नाही' असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो.

तिसरी गोष्ट रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता केवळ चेहरा फिकट करत नाही, ती लक्ष आणि स्मरण यांवरही परिणाम करते.

चौथी गोष्ट वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता. असे मूल बोलण्यात चुणचुणीत असते, गोष्ट ऐकून तपशिलासह सांगते; परंतु वाचताना अडखळते, काना, मात्रा, वेलांटी गाळते, जोडाक्षरापाशी थबकते, फळ्यावरचे उतरवताना ओळ चुकते. बुद्धी चांगली असूनही असे घडते. दुसरी-तिसरीपर्यंत हे टिकून राहिले तर तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. सवलतीपेक्षाही मोठा लाभ असा, की आपण मूर्ख नाही, हे त्या मुलाला कळते.

उंची मोठ्यांची, मेंदू घडता

मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात दिसू लागतात. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येतो. सातवीतील मुली मुलांपेक्षा उंच दिसतात, त्या यामुळेच. मुलीमध्ये आठव्या, मुलामध्ये नवव्या वर्षापूर्वी खुणा दिसल्या, किंवा अनुक्रमे तेरा आणि चौदा वर्षांनंतरही दिसल्या नाहीत, तर तपासणी करावी. पाळीविषयी मुलीशी बोलणे पाळी येण्यापूर्वी व्हावे. तो संवाद आधीच झाला असेल, तर पहिल्या डागाची भीती तिच्या वाट्याला येत नाही. मुलग्यांशीही आवाज फुटणे, स्वप्नदोष यांविषयी कोणीतरी मोकळेपणाने बोलायला हवे. हा विषय बहुतेक घरांत मित्रांवर आणि मोबाइलवर सोपवलेला असतो.

या वयातील घाई वेगळ्याच रूपात दिसते. मुलगा वडिलांच्या खांद्याला लागला, की त्याने वडिलांसारखा विचार करावा अशी अपेक्षा सुरू होते. परंतु मेंदूतील भावना आणि धाडस यांची केंद्रे किशोरवयात लवकर जोर धरतात, आणि परिणामांचा विचार करून हात आवरणारा कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय उजाडते. मित्रांसमोर दुचाकीचा वेग वाढतो, त्याचे एक कारण यात आहे. म्हणून नियम हवेतच. पण ते थोडे, स्पष्ट आणि चर्चा करून ठरवलेले असावेत.

झोपेचेही तसेच. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची रात्रीची वेळ पुढे सरकते. अकराला झोप न येणे हा नेहमीच उर्मटपणा नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सातची शाळा, दुपारी क्लास, रात्री गृहपाठ आणि उशीखाली मोबाइल, या दिनक्रमात ती बसत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पण पहाटे उठणे ज्यांना शरीरधर्मानेच अधिक जड जाते, त्या मोठ्या मुलांचा विचार अजून व्हायचा आहे. तोवर निदान रात्री झोपण्यापूर्वी तासभर घरातील सर्वांचे, म्हणजे पालकांचेही, मोबाइल दिवाणखान्यात ठेवणे शक्य आहे.

आणि या वयातही एका गोष्टीत विलंब नको. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, मित्र तोडणे, जेवण-झोप बिघडणे, गुण अचानक घसरणे याला 'वयच तसे आहे' असे म्हणू नये. 'मी नसतो तर बरे झाले असते' अशा वाक्याला तर धमकी किंवा नाटक समजूच नये. शांतपणे समोर बसावे, थेट विचारावे, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलि-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

येथे थांबू नका

• तीन महिन्यांपर्यंत ओळखीचे हसू नाही
• पहिल्या वर्षात एकाच हाताचा वापर
• वर्षापर्यंत अक्षरांची माळ नाही, बोटाने दाखवणे नाही
• सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
• दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत
• तिरळेपणा, किंवा फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसणे
• आलेले कौशल्य कोणत्याही वयात हरवणे

जायचे कुठे?

तपासणीचा खर्च परवडणार नाही म्हणूनही काही घरे थांबतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये या कार्यक्रमाचा आरंभ आपल्या पालघर येथूनच झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येतात. जन्मजात दोष, आजार, पोषणाच्या कमतरता आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ यांची सेवा विनामूल्य मिळावी अशी योजना आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारले, तरी वाट सापडते.

खाजगी डॉक्टरांकडे जात असाल, तर लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत एक प्रश्न अवश्य विचारावा: 'याच्या वयाला जे यायला हवे, ते सर्व येते आहे ना?' वजन, उंची आणि लस यांची नोंद होते. बोलणे, ऐकणे आणि पाहणे यांचीही त्याच कार्डावर व्हावी. उत्तर 'होय' असे आले, तर घरी जाऊन निर्धास्तपणे मटार सोलायला बसावे. दुरेघी वही वर्ष-दोन वर्षे थांबू शकते.